आठ वर्षांचं पोर आणि बायपोलरचं निदान: कडक वागायचं की मऊ?

तासगावच्या पुढच्या एका गावातून एका आईनं प्रश्न विचारला आहे. तो थोडक्यात असा. मुलगा आठ वर्षांचा, तिसरीत. गेल्या दीड वर्षात तीन वेळा असं झालं की सलग आठ-दहा दिवस तो रात्री दोनलाच उठून बसला. अखंड बडबड, 'उद्यापासून शाळा मीच चालवणार' अशी भाषा, आणि अडवलं की हातात दगड. त्यानंतर काही आठवडे कोपरा धरून बसणं, खेळ नाही, जेवण नाही. एकदा 'मला मरायचंय' असंही म्हणाला. दोन महिन्यांपूर्वी मानसोपचारतज्ज्ञांनी बायपोलर, म्हणजे मन काही दिवस भलतंच चढतं आणि काही दिवस पार खाली जातं तो आजार, सांगून लिथियम हे औषध सुरू केलं. घरात दोन तट आहेत. सासूबाई म्हणतात बाहेरचं आहे, नरसोबाच्या वाडीला नेऊया. नवरा म्हणतो लाडानं चढून बसलाय, दोन ठेवून दिल्या की सुतासारखा सरळ येईल. ताई विचारतात, 'मी त्याच्याशी कडक वागू की मऊ?' आणि शेवटच्या ओळीत, 'धाकट्या मुलीलाही होईल का?'

ताई, मी सांगलीत बावीस वर्षं मानसोपचाराचं काम करते आणि त्यातला मोठा भाग मुलांचा आहे. तुमच्या मुलाला मी तपासलेलं नाही, त्यामुळं औषधाबद्दल तुमच्या डॉक्टरांचा शब्द माझ्यापेक्षा वरचा. घरात काय करायचं, एवढ्यापुरतं मी बोलते.

आधी निदानाबद्दल. इतक्या लहान वयात बायपोलर दुर्मिळ असतो. बहुतेकांचा आजार किशोरवयाच्या शेवटाला किंवा विशीत उघड होतो. अमेरिकेत मुलांमधलं हे निदान 1994-95 ते 2002-03 या काळात जवळपास चाळीसपट वाढलं. तिथल्याच डॉक्टरांना शंका आली की सतत चिडणारी, आदळआपट करणारी मुलंही याच खात्यात टाकली जात आहेत. म्हणून 2013 साली त्यांच्या निदानपुस्तिकेत, म्हणजे डीएसएम-5 मध्ये, अशा सततच्या चिडखोरपणासाठी वेगळं निदान घालण्यात आलं. हे सांगते, कारण 'डॉक्टरांनी सांगितलं ते खरं का?' हा प्रश्न तुमच्या मनात असेल तर तो विचारायला लाज बाळगू नका. दुसरा डॉक्टर गाठणं म्हणजे पहिल्याचा अपमान नव्हे.

तुम्ही लिहिलेल्यातल्या दोन गोष्टींमुळं मात्र मला तुमच्या डॉक्टरांचं म्हणणं पटण्यासारखं वाटतं. एक, हे दिवस ठरावीक आहेत. सुरू होतात, संपतात, आणि मध्ये तुमचा मुलगा त्याचा तो असतो. दुसरी, झोप. तीन-चार तास झोपूनही दुसऱ्या दिवशी तो पेंगत नाही, उलट जास्तच पळतो, असं तुम्ही लिहिलंय. मोबाईलपायी जागणारं मूल सकाळी उठत नाही. अतिचंचल मूल, ज्याला आपण एडीएचडी म्हणतो, ते अंगणवाडीपासूनच तसं असतं, त्याला चांगले-वाईट आठवडे नसतात. उन्मादातल्या, म्हणजे मन चढलेल्या दिवसांतल्या, मुलाला मात्र झोपेची गरजच वाटेनाशी होते. आमच्याकडं आया याला 'अंगात वारं शिरलं' म्हणतात, आणि मला तो शब्द चपखल वाटतो, कारण वारं येतं तसं जातंही.

तरी पुढच्या भेटीत डॉक्टरांना एवढं विचाराच: थायरॉईड तपासलं का, फिट्सचा काही संशय आहे का, दम्यासाठी वगैरे पोटातून स्टिरॉइडच्या गोळ्या दिल्या गेल्या होत्या का. आणखी एक अवघड गोष्ट. मूल अचानक वयाला न शोभणारं लैंगिक बोलू-वागू लागलं तर ते उन्मादातही होतं, पण आधी त्याच्याशी कुणी वाईट वागलेलं नाही ना, याची खात्री करावी लागते. तुम्ही असं काही लिहिलेलं नाही. तरीही हे सांगून ठेवते, कारण आया हे बोलायला फार उशीर करतात.

आता तुमचा खरा प्रश्न. 'कडक की मऊ' यामागं दुसराच एक प्रश्न दडलेला असतो: 'हा मुद्दाम करतोय की आजार करवतोय?' घराघरांत भांडणं याच्यावरून होतात. वडील म्हणतात मुद्दाम, आई म्हणते आजार, आजी म्हणते तिसरंच. आणि खरं सांगायचं तर त्या क्षणी याचं उत्तर कुणालाच देता येत नाही. मलाही नाही. मी ओपीडीत आई-वडिलांना तो प्रश्न सोडून द्यायला सांगते आणि त्याच्या जागी दुसरा विचारायला सांगते: 'हा आज नेहमीचा आहे का?'

नेहमीचा म्हणजे त्याचा स्वतःचा. शेजारच्या पोरासारखा नव्हे. तुमचा मुलगा नेहमी किती वाजता झोपतो, किती भाकरी खातो, बहिणीशी दिवसातून कितीदा भांडतो, भांडण मिटायला किती वेळ लागतो, हे तुमच्याइतकं जगात कुणालाच ठाऊक नाही. आजार दिसतो तो या नेहमीच्या फूटपट्टीवर. तो बहिणीशी भांडला तर तो भाऊ आहे. तो रात्री दोनला उठून तिला भांडायला उठवतोय, तर तो नेहमीचा नाही.

यासाठी भिंतीवरचं कॅलेंडर पुरतं, ज्याच्या चौकटीत आपण दुधाचा हिशेब लिहितो. तारखेच्या चौकटीत रोज तीन गोष्टी लिहा: झोपला किती वाजता, उठला किती वाजता, आणि दिवस कसा होता त्याची एक खूण. वर गेलेला बाण, खाली गेलेला बाण किंवा आडवी रेघ. गोळी चुकली तर छोटा गोल. बस्स. मोठमोठे तक्ते मी पूर्वी देत असे, आठ दिवसांत बंद पडायचे. कॅलेंडर टिकतं, कारण ते स्वयंपाकघरात समोरच असतं. तीन महिन्यांनी त्या पानांवर जे दिसतं ते मला तासभराच्या बोलण्यातही कळत नाही. अनेक मुलांत बाण वर जायच्या दोन-तीन दिवस आधीच झोप तास-दीड तासानं घसरलेली असते. तेवढे दोन दिवस हातात आले की डॉक्टरांना फोन करायला आणि घर शांत करायला सवड मिळते.

आता वागण्याकडं येते. नेहमीच्या दिवसांत कडक वागा, म्हणजे जेवढं तुम्ही मुलीशी वागता तेवढंच. गृहपाठ, दप्तर भरणं, बहिणीला मारलं तर माफी मागणं, जेवल्यावर ताट उचलणं, सगळं. इथं मला आयांवर थोडं रागावावंसं वाटतं. निदान झालं की त्या पोराला पेशंट करून टाकतात. 'त्याला काही बोलू नका, त्याला आजार आहे.' मग मुलाला कळतं की आपण वेगळे आहोत, आणि बहिणीला कळतं की या घरात न्याय नाही. आजार नसलेल्या दिवसांत त्याचं बालपण पूर्ण नेहमीचं असू द्या, ओरडा खाण्यासकट.

वारं शिरलेल्या दिवसांत नियम शिकवायला जाऊ नका. तेव्हा काही शिकलं जात नाही. तुमचा आवाज खाली, शब्द कमी. 'चल, पाणी पी.' 'इथं बस.' एवढंच. तो म्हणाला मी हेडमास्तर आहे, तर 'नाहीस' असा वाद घालू नका आणि 'हो बाळा, आहेस' असंही म्हणू नका. 'बरं, आधी जेवू' म्हणा. टीव्ही, मोबाईल बंद, घरातले पाहुणे कमी, संध्याकाळी दिवे मंद. गल्लीतली पोरं गंमत बघायला जमली तर त्यांना आधी घालवा, कारण प्रेक्षक असले की तो आणखी चढतो. त्यानं काही फोडलं तर त्याचा हिशेब आज नको. पंधरा दिवसांनी तो शांत झाला की काचा कुणी गोळा केल्या हे त्याला साध्या शब्दांत सांगा आणि त्याच्या हातून एखादं भरपाईचं काम करून घ्या. बायपोलर असला तरी चुकीची भरपाई करता येते, हे त्याला कळलेलं बरं.

तुमच्या यजमानांना एक गोष्ट सांगा. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलते. विट्याकडचे एक वडील होते, मुलगी नऊ वर्षांची. उन्मादाच्या दिवसांत त्यांनी तिला पट्ट्यानं मारलं. स्वभावानं वाईट माणूस नव्हता, तो घाबरला होता. चार महिन्यांनी मुलगी पूर्ण शांत झाल्यावर मी तिला विचारलं, त्या दिवसांतलं काय आठवतं? ती म्हणाली, 'मी काय केलं ते आठवत नाय, पप्पांनी मारलं ते आठवतंय.' वडील शेजारच्याच खुर्चीत होते. त्यानंतर त्यांनी हात उगारला नाही आणि तिच्या गोळ्यांची जबाबदारी स्वतःकडं घेतली. जिथं सतत टोमणे, आरडाओरडा आणि मारहाण चालते, अशा घरातल्या रुग्णांचा आजार लवकर उलटतो, हे या विषयात अनेकदा तपासून पाहिलेलं आहे. म्हणजे मारण्यानं सुतासारखं सरळ होत नाही, आजाराला वाट मिळते.

खाली गेलेल्या दिवसांत आयांचा जीव सगळ्यात जास्त तुटतो, आणि त्या 'हस की जरा', 'असं काय करतोस' म्हणत राहतात. त्याऐवजी काम लहान करा. आज अंघोळ आणि दोन घास, उद्या ओट्यापर्यंत येणं. तो 'मरायचंय' म्हणाला त्याला 'असं बोलू नये' म्हणून गप्प करू नका. शेजारी बसून सरळ विचारा: 'मरावंसं वाटतं म्हणजे काय करावंसं वाटतं?' विचारल्यानं ती कल्पना डोक्यात शिरत नाही, हे मी खात्रीनं सांगते. उलट मूल मोकळं होतं. आणि उत्तरात त्यानं काही ठरवल्यासारखं सांगितलं तर त्याच दिवशी दवाखाना.

तुम्ही द्राक्षपट्ट्यात राहता, म्हणून हे वेगळं लिहिते. घरात किंवा शेडमध्ये फवारणीची औषधं असतील. ती आजच्या आज कुलपात जायला हवीत आणि किल्ली मोठ्या माणसाच्या कमरेला. उदास दिवसांसाठी ते गरजेचं आहेच, उन्मादाच्या दिवसांसाठीही आहे, कारण तेव्हा त्याला आपल्याला काही होणारच नाही असं वाटत असतं. विहिरीला कठडा नसेल तर तो करून घ्या. लिथियमच्या गोळ्याही कुलपात ठेवा आणि रोजची गोळी मोठ्यानं समोर उभं राहून द्या. जास्त गोळ्या पोटात गेल्या तर लिथियम जिवावर बेततं.

लिथियमबद्दल आणखी थोडं, कारण आपल्या भागात घोटाळे होतात ते इथं. हे औषध जुनं आहे. 1949 साली ऑस्ट्रेलियातल्या जॉन केड या डॉक्टरांनी त्याचा उन्मादावरचा परिणाम पहिल्यांदा मांडला. सात वर्षांपुढच्या मुलांसाठी त्याला अमेरिकेत परवानगी आहे, त्यामुळं 'एवढ्या लहान पोराला का दिलं' या नातेवाइकांच्या प्रश्नानं खचू नका. पण ते मोजून द्यायचं औषध आहे. रक्तातली पातळी साधारण 0.6 ते 1.2 च्या दरम्यान ठेवतात, आणि तपासणीचं रक्त रात्रीच्या गोळीनंतर बारा तासांनी, सकाळची गोळी द्यायच्या आधी घ्यायचं असतं. लॅबला जायच्या घाईत गोळी देऊन नेलं तर आकडा चुकीचा येतो. किडनी आणि थायरॉईडच्या तपासण्याही ठरल्या वेळी व्हायला हव्यात.

शरीरातलं पाणी आणि मीठ कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. एप्रिल-मे मधल्या जत्रा, उलट्या-जुलाब, अळणी उपवास, सगळं यात आलं. दुसरं म्हणजे ताप. आयबुप्रोफेन आणि मेफेनॅमिक अॅसिड या दोन औषधांनी लिथियमची पातळी चढते, आणि आपल्याकडं तापाच्या कितीतरी सिरपमध्ये पॅरासिटामॉलच्या जोडीला यातलंच एखादं असतं. माझ्याकडं एकदा एक मूल असंच आलं: तीन दिवस ताप आणि जुलाब, मेडिकलमधून आणलेलं सिरप चालू, गोळीही चालू. हात थरथरत होते, चालताना झोकांड्या जात होत्या, जीभ जड झाली होती. वेळेत आणलं म्हणून निभावलं. तापाला नुसतं पॅरासिटामॉल चालतं. उलट्या-जुलाब लागले तर पुढची गोळी द्यायच्या आधी डॉक्टरांना फोन करा, आणि थरथर, झोकांड्या, जड जीभ दिसली तर फोनवर न थांबता थेट दवाखान्यात या. एरवी मात्र गोळी मनानं बंद करायची नाही. 'आता बरा आहे' म्हणून अचानक थांबवली की आजार जोरानं परत येतो.

त्याला तहान जास्त लागेल, लघवीला जास्त जावं लागेल, कदाचित अंथरूणही ओलं होईल. त्याला ओरडू नका आणि बाईंना सांगा. शाळेत आजाराचं नाव सांगायचं की नाही हे बाई कशा आहेत त्यावर ठरवा. मी बहुतेकांना एवढंच सांगायला सुचवते: 'याला झोपेचा आणि मनाचा त्रास आहे, औषध चालू आहे, पाणी प्यायला आणि बाहेर जायला अडवू नका, आणि तो एकदम जास्त बोलायला लागला तर मला फोन करा.' शाळेत मारणं शिक्षणहक्क कायद्याच्या 17 व्या कलमानं बंद आहे, हे गरज पडली तर नम्रपणे सांगता येतं.

रोजचं वेळापत्रक या आजारात अर्धं औषध आहे. पिट्सबर्गच्या एलेन फ्रँक यांनी मोठ्यांच्या बायपोलरसाठी झोप, जेवण आणि कामाच्या ठरलेल्या वेळांवर उभारलेली एक उपचारपद्धतच केली. मुलांना तर ठरलेल्या वेळा आणखी लागतात. तुमच्याकडं छाटणी, फवारणी, माल काढणं या दिवसांत सगळं घर रात्री-अपरात्री जागं असतं. त्या दिवसांत एक मोठं माणूस फक्त त्याच्या नऊच्या झोपेसाठी राखून ठेवा, आणि इथं सासूबाईंइतकं योग्य कुणी नाही. तासगावचा रथ बघायला त्याला न्या की, दिवसा न्या, पाण्याची बाटली घेऊन न्या. लग्नाच्या वरातीत आणि मिरवणुकीत रात्री दोनपर्यंत ठेवू नका. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आयर्विन पुलापाशी 57 फुटांवर गेलं, तेव्हा माझे कितीतरी पेशंट नातेवाइकांकडं, शाळांच्या हॉलमध्ये झोपत होते. औषधं घरात पाण्याखाली. त्यानंतरच्या महिन्यात किती जणांचा आजार उलटला ते मी विसरलेले नाही. तेव्हापासून मी सगळ्यांना पंधरा दिवसांच्या गोळ्या वेगळ्या डब्यात आणि चिठ्ठीचा फोटो मोबाईलमध्ये ठेवायला सांगते.

सासूबाईंबद्दल. त्यांच्याशी वाद घालू नका. वाडीला जायचं असेल तर जाऊ द्या, दर्शन घेऊ द्या, प्रसाद खाऊ द्या. अट तीनच: गोळी चुकणार नाही, रात्रीची झोप मोडणार नाही, उपाशी ठेवायचं नाही. देवाकडं जाण्यानं मुलाचं काही बिघडत नाही आणि आजीचं मन शांत राहतं. देवऋषीकडं मात्र नाही. भूत काढण्याच्या नावाखाली मारहाण करणं महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्यानं गुन्हा आहे, आणि ज्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी आयुष्य घातलं ते आपल्या शेजारच्या साताऱ्याचे. सासूबाईंना एकदा डॉक्टरांकडं घेऊन जा. नातवाच्या झोपेचा हिशेब त्यांनी स्वतःच्या तोंडानं सांगितला की त्या आपोआप उपचाराच्या बाजूला येतात, असं मी फार वेळा पाहिलंय.

तुमच्याबद्दल तुम्ही एक अक्षर लिहिलेलं नाही. दीड वर्ष रात्री दोनला उठताय. आठवड्यातून दोन रात्री यजमानांनी त्याच्याजवळ झोपायचं आणि तुम्ही दुसऱ्या खोलीत, हे आजपासून ठरवा. रात्री-अपरात्री कुणाशी बोलावंसं वाटलं तर 14416 हा टेली-मानसचा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

धाकटीचं विचारलंत. सर्वसाधारण लोकांत हा आजार शंभरात एकाच्या आसपास असतो. सख्ख्या भावाला किंवा आई-वडिलांपैकी एकाला असेल तर शंभरात पाच ते दहा. म्हणजे नव्वदांना होत नाही. तिच्यावर आजपासून पहारा बसवू नका. पण भावाला काय होतंय ते तिला सांगा, कारण घरातली लहान मुलं न सांगितलेल्या गोष्टीचा दोष स्वतःवर घेतात. 'दादाची झोप आजारी पडते, तेव्हा तो वेगळा वागतो. त्यात तुझं काही चुकलेलं नाही. तेव्हा तू आजीच्या खोलीत जायचं.' एवढं सहा वर्षांच्या मुलीला कळतं. पुढच्या भेटीला यजमानांना बरोबर न्या, आणि कॅलेंडरची पानंही.